कोरोना, चीन, अमेरिका: व्हिडिओ आणि लेख करणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोरोनावर आता कोण बघणार असं सगळे म्हणतात आणि तरी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी या विषयावर नवा व्हिडिओ काढतंच. मराठीत आंतरराष्ट्रीय राजकारण समजावून सांगणारी इतकी चॅनेल आणि पेजेस झालीत याचा मला मनापासून आनंद आहे, आम्ही पेपरच्या फॉरेन डेस्कवर होतो तेव्हा जगाच्या बातम्यांना आतल्या पानात दोन कॉलम मिळाले तरी खूप वाटायचं. हल्ली मी अशाच तरुण मुलामुलींच्या स्क्रिप्ट तपासून देते. आणि चीन-अमेरिका-कोरोना हा विषय आला की त्याच चुका, तशाच्या तशा, कधी एकाच स्क्रिप्टमध्ये सगळ्या. दरवेळी फोनवर तेच सांगून घसा बसायची वेळ आलीय म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. २०२० मध्ये एक रोग पसरत होता आणि त्याच वेळी जगातले दोन सगळ्यात ताकदवान देश त्या रोगाची गोष्ट आपापल्या सोयीने सांगत होते. आपण घरात अडकून पडलो होतो आणि दिवसभर फोन बघत होतो. त्या काळात जे डोक्यात बसलं त्यातलं बरंच कुणीतरी मुद्दाम बसवलेलं होतं, आणि आज स्क्रिप्ट लिहायला बसलं की ‘हे तर सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून तेच बाहेर येतं. त्यामुळे चीन खरा की अमेरिका खरी हे ठरवायला बसण्याआधी प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारायचे, कोण म्हणालं, कधी म्हणालं आणि किती खात्रीने म्हणालं. खालच्या जवळपास सगळ्या चुका यातला एखादा प्रश्न गाळल्यामुळे होतात.

‘किती खात्रीने’ हे उडवून टाकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

२५ जानेवारी २०२५ ला बातमी आली की सीआयएच्या मते कोरोना विषाणू प्रयोगशाळेतून आला असण्याची शक्यता जास्त आहे. त्याच रात्री एका मुलाची स्क्रिप्ट आली. मुलगा हुशार आहे, वाचतो, आवाज चांगला आहे. हेडिंग होतं ‘अखेर सिद्ध झालं! कोरोना वुहानच्या लॅबमधूनच’. थंबनेलसुद्धा तयार, लाल बाण, शी जिनपिंग यांचा फोटो, मागे काचेच्या नळ्या. मी स्क्रिप्ट वाचली, परत वाचली, आणि त्याला फोन केला. म्हटलं, अरे सीआयएने हे ‘लो कॉन्फिडन्स’ने म्हटलंय, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच मते त्यांची खात्री कमी आहे, ते कुठाय? तर म्हणाला, ‘ताई, ते शेवटी टाकतो ना, सुरुवातीलाच टाकलं तर पुढे कोण बघणार?’ मग मी विचारलं की नवीन पुरावा काय मिळालाय ते सांग. गप्प. कारण नवीन पुरावा नव्हताच, हाताशी असलेल्याच माहितीचं त्यांनी पुन्हा विश्लेषण केलं होतं. आणि त्याच निवेदनात सीआयएने हेही सांगितलं होतं की प्रयोगशाळा आणि निसर्ग या दोन्ही शक्यता अजून खुल्या आहेत. हे वाक्य स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, खालच्या वर्णनातही नाही.

आता हे लक्षात घ्या. गुप्तचर खात्यांच्या भाषेत ‘लो कॉन्फिडन्स’ ही शोभेला लावलेली शेपटी नसते. त्याचा अर्थ असा की हाती आलेली माहिती तुटपुंजी आहे, तुकड्यातुकड्यात आहे किंवा तिच्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे झुकाव इकडे आहे पण पैज लावू नका. म्हणजे खरी बातमी ‘अमेरिकेची मुख्य गुप्तचर संस्था आता लॅबकडे झुकली, पण तिचीच खात्री कमी आहे’ एवढी होती. ‘सिद्ध झालं’ ही बातमी नव्हतीच. त्यात तारीखही बघा, सीआयएचे नवे संचालक जॉन रॅटक्लिफ यांच्या नेमणुकीवर दोनच दिवसांपूर्वी शिक्कामोर्तब झालं होतं आणि चीनमधल्या लॅबबद्दल ते आधीपासून उघडपणे बोलत होते. विश्लेषण आधीच्या सरकारच्या काळात सुरू झालं होतं हेही तितकंच खरं. दोन्ही सांगा ना. पाच मिनिटांच्या व्हिडिओत एवढं सहज मावतं.

मागचा इतिहास ठेवला तर चित्र अजून स्पष्ट होतं. मे २०२१ मध्ये बायडन यांनी गुप्तचर यंत्रणांना ९० दिवसांत उत्तर शोधायला सांगितलं. ऑगस्टमध्ये निष्कर्ष आला तो असा की एकमत नाही. चार संस्था आणि नॅशनल इंटेलिजन्स कौन्सिल (सगळ्या गुप्तचर संस्थांचं विश्लेषण एकत्र करणारं मंडळ) नैसर्गिक उगमाकडे झुकलेल्या, पण कमी खात्रीने. एफबीआय लॅबकडे, मध्यम खात्रीने. बाकीच्यांनी ठरवलंच नाही. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेचं ऊर्जा खातंही लॅबकडे झुकलं, तेही कमी खात्रीने. या प्रत्येक टप्प्यावर आपल्याकडे ‘अमेरिकेने पुरावा दिला’ अशा हेडलाईन फिरल्या. एकच गोष्ट एवढ्या वेळा ‘सिद्ध’ कशी होते, हा प्रश्न निदान व्हिडिओ करणाऱ्याला तरी पडायला हवा.

आणि ही चूक फक्त चीनविरोधी मंडळी करतात असं अजिबात नाही. ३० मार्च २०२१ ला वुहानला जाऊन आलेल्या जागतिक आरोग्य संघटना आणि चीनच्या संयुक्त पथकाचा अहवाल आला, त्यात लॅबची शक्यता ‘अत्यंत कमी’ असं लिहिलं होतं, आणि लगेच ‘चीनला क्लीन चिट’. त्याच दिवशी संघटनेचे प्रमुख टेड्रॉस यांनी स्वतः सांगितलं की सगळ्या शक्यता अजून विचारात आहेत, लॅबबाबतची तपासणी पुरेशी झालेली नाही, आणि पथकाला कच्ची माहिती मिळवताना अडचणी आल्या. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियासह १४ देशांनी एकत्र नाराजी नोंदवली. क्लीन चिटवाल्या किती स्क्रिप्टमध्ये टेड्रॉस यांचं हे बोलणं असतं? माझ्याकडे आलेल्यांत मला तरी दिसलेलं नाही. जून २०२५ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ गटाचा जो अहवाल आला त्यातही सगळ्या शक्यता खुल्याच ठेवल्यात, आणि मागितलेली बरीच माहिती चीनने दिलेली नाही असं स्पष्ट म्हटलंय. प्रश्न अजून सुटलेला नाही. ज्याला हे वाक्य उच्चारायचा कंटाळा येतो त्याने हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर माझा उपाय जुन्या डेस्कवरचा आहे. वहीत तीन रकाने पाडते, कोण, कधी, किती खात्रीने. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य स्क्रिप्टमध्ये जात नाही. आणि खात्रीचा शब्द त्याच वाक्यात हवा, पुढच्या परिच्छेदात नाही, कारण लोक अर्ध्यातच व्हिडिओ सोडतात आणि बाहेर पडताना पहिलं वाक्य घेऊन जातात. एक्सेल वापरा, फोनवर नोट्स काढा, काहीही करा. एआयला सांगून सारांश काढून घेणाऱ्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे की सारांशात सगळ्यात आधी हाच शब्द गळतो, त्यामुळे मूळ निवेदन स्वतः वाचा. बहुतेक वेळा ते पानभरसुद्धा नसतं.

दहा ठिकाणी आलंय म्हणजे दहा सोर्स आहेत असं मानणं

एप्रिल २०२०, लॉकडाऊन. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका निवृत्त काकांनी मेसेज टाकला की जपानचे नोबेल विजेते शास्त्रज्ञ तासुकू होंजो सांगतात, हा विषाणू नैसर्गिक नाही, मी वुहानच्या लॅबमध्ये चार वर्षं काम केलंय, माझं खोटं ठरलं तर माझं नोबेल परत घ्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल, हिंदी-मराठी-गुजराती सगळ्यात फिरत होता. मी लिहिलं की काका, हे त्यांनी कुठे म्हटलंय ते दाखवा. काकांचं उत्तर अगदी सरळ मनाचं होतं, ‘अगं, मला हे तीन ठिकाणांहून आलंय, माझ्या बँकेच्या ग्रुपवरून, भाच्याकडून आणि आमच्या गावच्या ग्रुपवरून, तिघं काय एकमेकांना ओळखतात का?’ मी त्यांना तिन्ही मेसेज पाठवायला सांगितले. तिन्हींत ‘प्राध्यापक’ हा शब्द ‘प्राध्यपक’ असा एकाच ठिकाणी चुकलेला होता आणि एकाच ओळीत पूर्णविराम गायब. म्हणजे तीन साक्षीदार नव्हते, एकच कागद तीन दारांतून आत आला होता. थोड्याच दिवसांत, २७ एप्रिलला, क्योतो विद्यापीठाच्या वेबसाईटवर होंजो यांचं निवेदन आलं की माझं आणि विद्यापीठाचं नाव खोट्या आरोपांसाठी वापरलं जातंय याचं मला फार दुःख होतंय. काकांनी ते निवेदन मग स्वतः त्याच तिन्ही ग्रुपवर टाकलं. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं, एवढं फार कमी लोक करतात.

काकांचं एक वेळ ठीक आहे हो, ते काही पत्रकार नाहीत. पण हीच गोष्ट देशांच्या पातळीवर झाली आणि ती पत्रकार म्हणवणाऱ्यांनी केली.

जुलै २०२१ च्या शेवटी फेसबुकवर ‘विल्सन एडवर्ड्स’ नावाच्या स्विस जीवशास्त्रज्ञाची पोस्ट आली. म्हणणं असं की विषाणूच्या उगमाच्या तपासात चीनला दोषी ठरवावं म्हणून अमेरिका शास्त्रज्ञांवर दबाव आणतेय. सीजीटीएन, ग्लोबल टाइम्स अशा चिनी सरकारी माध्यमांनी ती उचलली, एकाने छापली म्हणून दुसऱ्याने छापली, आणि दिसायला अगदी युरोपातूनच अमेरिकेवर आरोप झाल्यासारखं दिसायला लागलं. १० ऑगस्टला बीजिंगमधल्या स्वित्झर्लंडच्या दूतावासाने जाहीर केलं की या नावाचा एकही स्विस नागरिक नोंदीत नाही, या नावाने जीवशास्त्रातला एकही शोधनिबंध सापडत नाही, आणि ते फेसबुक खातं २४ जुलैलाच उघडलेलं आहे, मित्र तीन. त्यानंतर चिनी माध्यमांनी बातम्या गुपचूप काढायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने ५०० हून जास्त खात्यांचं एक जाळंच बंद केल्याचं सांगितलं आणि त्याचा संबंध चेंगडूमधल्या एका माहिती-सुरक्षा कंपनीतल्या लोकांशी जोडला. हे पकडायला स्विस दूतावासाला गुप्तहेर लागले नाहीत. खातं कधी उघडलं, मित्र किती, या माणसाने याआधी कधी काही लिहिलंय का, बस. तुम्ही-आम्ही फोनवर बसल्या बसल्या करू शकतो तेवढंच काम.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२० च्या शेवटी एका भारतीय वेबसाईटने लिहिलं की चीनने कॅनडाच्या लॅबमधून कोरोनाव्हायरस चोरला. याचं मूळ काय, तर कॅनडाच्या सीबीसी या वाहिनीची २०१९ मधली एक खरी बातमी, विनिपेगच्या राष्ट्रीय लॅबमधल्या एका संशोधकाला बाहेर काढल्याची. त्या लॅबमधून मार्च २०१९ मध्ये वुहानला नमुने गेले होते हेही खरं, पण ते इबोला आणि हेनिपा विषाणूंचे, कोरोनाचे नव्हेत. झीरो हेज या अमेरिकी साईटने तो लेख उचलला आणि तो जगभर गेला, मग आपल्याकडचे लोक ‘बघा, अमेरिकेतसुद्धा हेच म्हणतायत’ म्हणून तोच लेख परत दाखवायला लागले. भारतातून निघाला, फिरून भारतात आला आणि येताना परदेशी शिक्का मारून आला. चीनने नेमकं हेच उलट दिशेने केलं. चीनच्या परराष्ट्र खात्याचे तेव्हाचे प्रवक्ते चाओ लिजियान यांनी १२ मार्च २०२० ला ट्विट केलं की वुहानमध्ये ही साथ कदाचित अमेरिकी लष्कराने आणली असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुष्ट्यर्थ कॅनडातल्या एका कटकारस्थानवाल्या साईटचा लेख लोकांना वाचायला दिला. त्या साईटचं नाव परदेशी, मालमसाला मात्र चिनी इंटरनेटवर आधीपासून फिरणाऱ्या अफवांचाच.

मी काय करते? एकच सवय आहे. बातमीत ‘वृत्तानुसार’, ‘असं म्हटलं जातंय’, ‘एका अहवालात’ असं काही दिसलं की थांबायचं आणि मागे मागे जायचं, जिथे पहिला माणूस बोललाय तिथपर्यंत. तिथे नाव नसेल, तारीख नसेल, मूळ कागद नसेल तर विषय संपला. वीस मिनिटं लागतात, कधी तासही जातो. ‘ताई, तोपर्यंत दुसऱ्यांचा व्हिडिओ येईल’ हे मला सांगूच नका. येऊ दे.

तारखा न लावता आरोप लिहिणं

या विषयात वादाचं अर्ध उत्तर नुसत्या तारखा ओळीने लावल्या की मिळतं, पण घाईत असलेल्या माणसाला तारखा कंटाळवाण्या वाटतात.

उदाहरण देते. ‘वॉल स्ट्रीट जर्नलच्या एका हेडलाईनमुळे चीनने पत्रकारांना हाकललं’ हे वाक्य मी इतक्या वेळा कापलंय. चीनने सांगितलेलं कारण तेच होतं हे खरं. ३ फेब्रुवारी २०२० ला त्या पेपरात चीनला ‘आशियाचा आजारी माणूस’ म्हणणाऱ्या मथळ्याचा लेख आला, चीनमध्ये प्रचंड संताप झाला, १९ फेब्रुवारीला पेपरच्या तीन बातमीदारांची हकालपट्टी झाली. पण तो लेख मतांच्या पानावरचा होता आणि त्या तिघांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आणि मधली तारीख बघा, १८ फेब्रुवारीला अमेरिकेने शिन्हुआ, सीजीटीएनसह पाच चिनी सरकारी माध्यमांना परदेशी सरकारचीच कार्यालयं ठरवलं होतं. आदल्या दिवशी! मग २ मार्चला अमेरिकेने या माध्यमांच्या तिथल्या चिनी कर्मचाऱ्यांची संख्या १६० वरून १०० वर आणली. १७ मार्चला चीनने न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि वॉल स्ट्रीट जर्नलच्या अमेरिकी बातमीदारांना बाहेर काढायचं जाहीर केलं, किमान १३ जण. एवढ्या तारखा मांडल्या की दिसतं की हे एका मथळ्याचं भांडण नव्हतं, एकमेकांच्या माध्यमांवर वार-पलटवार चालले होते आणि तेही ऐन साथीत, जेव्हा वुहानमधून स्वतंत्रपणे बातमी देणारा प्रत्येक माणूस जगाला हवा होता. नुकसान कुणाचं झालं? तुमचं-माझं झालं. ते बातमीदार तिथे राहिले असते तर उगमाबद्दल आज आपल्याला कदाचित थोडं जास्त माहीत असतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ट्रम्प यांचंही तसंच. २४ जानेवारीला त्यांनी ट्विट करून चीनच्या मेहनतीचं आणि पारदर्शकतेचं कौतुक केलं, शी जिनपिंग यांचे आभार मानले. १६ मार्चला ‘चायनीज व्हायरस’. मधे चाओ यांचं ट्विट झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी स्वतःच सांगितलं की चीन आमच्या लष्कराचं नाव घेत होता म्हणून मी हे नाव वापरलं. मधे अमेरिकेत साथ पसरून शाळा-ऑफिसं बंद व्हायला लागली होती हेही विसरू नका. ‘ट्रम्प पहिल्या दिवसापासून चीनविरोधी होते’ आणि ‘ट्रम्प यांनी सुरुवातीपासून सावध केलं होतं’ ही दोन्ही वाक्यं २४ जानेवारी या एका तारखेवर पडतात.

डॉ. ली वेनलियांग यांच्याबद्दल लिहिताना तर कृपा करून तारखा तपासा, माणूस गेलाय हो. ‘चीनने त्यांना तुरुंगात मारलं’ असं थेट लिहिणारे मी बघितलेत. ते वुहानमधले नेत्रतज्ज्ञ होते, ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी आपल्या डॉक्टर वर्गमित्रांच्या ग्रुपवर सार्ससारख्या रुग्णांबद्दल सावध केलं, ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून समज दिल्याच्या कागदावर सही घेतली, ते कामावर परतले, रुग्णाकडून त्यांना लागण झाली आणि ७ फेब्रुवारीला ते गेले. मार्चमध्ये ती समज मागे घेतली गेली, पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली आणि एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हुतात्मा जाहीर केलं. ज्या व्यवस्थेने त्यांना गप्प बसवलं तिनेच नंतर त्यांना आपलं म्हटलं आणि बाहेरच्यांनी त्यांना चीनविरोधाचं पोस्टर बनवलं. जे घडलं ते इतकं भयंकर आहे की त्यात वरून काही घालायची गरजच नाही.

तैवानने जागतिक आरोग्य संघटनेला पाठवलेल्या ईमेलचं पण असंच. ‘तैवानने ३१ डिसेंबरलाच माणसाकडून माणसाला लागण होते असं कळवलं होतं’ हे वाक्य सर्रास येतं. तैवानने तो ईमेल एप्रिलमध्ये स्वतःच जाहीर केला, तो चार ओळींचा आहे, वाचा. त्यात वुहानमधल्या वेगळ्या प्रकारच्या न्यूमोनियाच्या किमान सात रुग्णांचा आणि रुग्णांना विलगीकरणात ठेवल्याचा उल्लेख आहे, माणसाकडून माणसाला लागण असे शब्द नाहीत. तैवानचं म्हणणं असं की विलगीकरण म्हटल्यावर डॉक्टर माणसाला काय ते कळायला हवं. मला ते पटतं. पण ‘कळायला हवं होतं’ आणि ‘लिहून कळवलं होतं’ यात फरक आहे आणि तो स्क्रिप्टमध्ये दिसला पाहिजे.

छोट्या पण रोजच्या चुका

ग्लोबल टाइम्सने काही लिहिलं की ‘चीनची धमकी’ अशी ब्रेकिंग चालवणं. तो पीपल्स डेलीच्या छत्राखालचा पेपर आहे, मुद्दाम भडक लिहितो, त्याचा अग्रलेख म्हणजे सरकारचा निर्णय नव्हे. परराष्ट्र खात्याचं निवेदन बघा.

‘जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला महामारी म्हणेपर्यंत धोक्याची घंटा वाजवलीच नाही.’ चूक. आंतरराष्ट्रीय आणीबाणी ३० जानेवारीलाच जाहीर झाली होती, तेव्हाच्या नियमांत सगळ्यात वरची घंटा तीच होती. टीका करायचीच तर १४ जानेवारीच्या त्या ट्विटवर करा, ज्यात चिनी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने माणसाकडून माणसाला लागण होत असल्याचा स्पष्ट पुरावा नाही असं म्हटलं होतं. तिथे टीकेला जागा आहे.

प्रीप्रिंटला, म्हणजे इतर शास्त्रज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेल्या शोधनिबंधाला, ‘संशोधनातून सिद्ध’ म्हणणं. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीच्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट आला, नव्या विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे असल्याचा. दोनच दिवसांत लेखकांनी तो स्वतः मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी किती जणांनी दिली?

वुहानवरचा तो लाल-केशरी नकाशा, ‘प्रेतं जाळल्याचा धूर सॅटेलाईटने टिपला’. तो एका हवामान साईटवरचा कॉम्प्युटर मॉडेलचा अंदाज होता, सॅटेलाईटने टिपलेलं काही नव्हतंच. अजून वापरतात. नका वापरू.

कंपनी आणि देश एक करणं. मार्च २०२० मध्ये स्पेनने परत केलेले कोरोना चाचणीचे किट शेनझेनच्या एका कंपनीचे, एप्रिलमध्ये आयसीएमआरने राज्यांना परत करायला सांगितलेले रॅपिड किट ग्वांगझौ वोंडफो आणि झुहाई लिव्हझोन या दुसऱ्याच दोन कंपन्यांचे. ‘चीनने मुद्दाम जगाला खराब माल पाठवला’ म्हणायचं असेल तर ‘मुद्दाम’चा पुरावा द्या. नाहीतर कंपनीचं नाव लिहा, काय बिघडलं ते लिहा.

प्रोपगंडा फक्त समोरचाच करतो असं धरून चालणं

ही चूक थोडी खोलातली आहे आणि शिकलेली मंडळी ती जास्त करतात. चीन अपप्रचार करतो हे माहीत असतं, त्यामुळे चीनविरुद्ध आलेली प्रत्येक गोष्ट आपोआप खरी वाटते. जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने उघड केलं की पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, २०२० पासून फिलिपिन्समध्ये गुप्त मोहीम चालवली होती. खोटी खाती, तिथल्याच लोकांची वाटतील अशी, टागालोग भाषेत, आणि काम एकच, चिनी मास्क, चिनी किट आणि नंतर चीनची सिनोव्हॅक लस यांच्याबद्दल संशय पेरायचा. रॉयटर्सला एक्सवर अशी किमान ३०० खाती सापडली. २०२१ च्या मध्यापर्यंत हे चाललं. आणि फिलिपिन्सला सगळ्यात आधी हाती आलेली लस कुठली? सिनोव्हॅक, फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस. जूनमध्ये तिथले अध्यक्ष दुतेर्ते लस न घेणाऱ्यांना तुरुंगात टाकायच्या गोष्टी करत होते, इतके लोक कचरत होते. सगळा दोष या मोहिमेवर टाकता येणार नाही, डेंग्यूच्या लसीच्या जुन्या वादामुळे तिथे लोकांचा विश्वास आधीच डळमळीत होता. पण साथीत माणसं मरत असताना दुसऱ्या देशाच्या लोकांना हातात असलेल्या लसीपासून दूर ढकलायचं, फक्त चीनचं नाव खराब व्हावं म्हणून, हे वाचून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

चीननेही वेगळं काही केलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्वेत फायझरची लस घेतल्यानंतर काही अतिवृद्ध, फार आजारी लोक गेले, तर चिनी सरकारी माध्यमांनी पाश्चात्त्य माध्यमं हे दडपतायत म्हणून ओरड केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने बघून सांगितलं की त्या वयात, त्या आजारपणात अपेक्षित असतात त्यापेक्षा हे मृत्यू जास्त नाहीत.

लसींच्या टक्केवारीवरून देशांची कुस्ती लावणंही याच घरातलं. ब्राझीलच्या बुटांटन संस्थेने सिनोव्हॅकबद्दल आधी ७८ टक्के सांगितलं आणि काही दिवसांत ५०.३८. ‘चीन खोटं बोलला’ अशा हेडलाईन आल्या. पहिला आकडा उपचारांची गरज पडलेल्या रुग्णांपुरता होता, दुसऱ्यात अगदी सौम्य लक्षणंही धरलेली होती. आकडा आधी अर्धाच सांगितला ही चूक मोठीच, पण टक्के कशाचे आहेत हे न विचारता लावलेली तुलना फुकट आहे.

आणि आपल्याकडे या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोव्हिशील्ड २० जानेवारी २०२१ पासून भूतान, मालदीवला जायला लागली, आपल्याला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण स्क्रिप्टमध्ये ‘चीनच्या लसनीतीला भारताचं चोख उत्तर’ एवढंच असतं आणि गोष्ट तिथेच थांबते. पुढे दुसऱ्या लाटेत इथेच लस कमी पडायला लागली, निर्यात थांबली, नेपाळमध्ये पहिला डोस घेतलेले लोक दुसऱ्याची वाट बघत राहिले आणि नेपाळने चिनी लस घेतली. लस मूळची ऑक्सफर्ड आणि अॅस्ट्राझेनेकाची होती हेही सांगायचं राहून जातं. चीनला लावता ती पट्टी आपल्याला लावा, प्रेक्षक पळून जात नाहीत. माझ्याकडच्या एका मुलीने हे सगळं घेऊन व्हिडिओ केला, खाली शिव्याही आल्या, पण सगळ्यात लांब आणि सगळ्यात माहितीपूर्ण चर्चा तिच्याच व्हिडिओखाली झाली, त्यात नेपाळमधल्या मराठी लोकांनी येऊन तिथलं सांगितलं.

चूक झाल्यावर ती लपवणं

वॉशिंग्टन पोस्टने फेब्रुवारी २०२० मध्ये लॅबच्या शक्यतेला ‘खोटी ठरलेली’ म्हटलं होतं, मे २०२१ मध्ये तो मथळा बदलून वर दुरुस्तीची नोंद टाकली. त्याच महिन्यात फेसबुकने विषाणू मानवनिर्मित असल्याचे दावे काढून टाकायचं थांबवलं. उशीर झाला, पण निदान नोंद दिसते, काय बदललं आणि कधी ते कळतं. आपल्याकडे व्हिडिओ गपचूप डिलीट होतो किंवा नुसतं टायटल बदलतं. तसं करू नका. पिन केलेल्या कमेंटमध्ये दोन ओळी टाकूनही चालत नाही, ती कुणी वाचत नाही. वर्णनाच्या पहिल्या ओळीत तारखेसकट दुरुस्ती लिहा, चुकीच्या वाक्याच्या जागी पडद्यावर पट्टी टाका, आणि विषय मोठा असेल तर पुढच्या व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात तोंडाने सांगा की अमुक तारखेला आम्ही अमुक म्हटलं होतं आणि ते चुकीचं होतं.